हे कोणाकडून आले? गुणसूत्रे आणि आनुवंशिक विकार यांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालातील पत्रे वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या परिस्थितीतील माणसांनी लिहिलेली आहेत. पण बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे ‘हे कोणाकडून आले?’ उत्तरे लिहिताना असे जाणवले, की ‘जन्मजात’, ‘गुणसूत्रीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जन्मतः दिसणारा प्रत्येक विकार आनुवंशिक नसतो आणि आनुवंशिक विकारांपैकी काही तर चाळिशी येईपर्यंत दिसतही नाहीत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. आमच्या घराण्यात यापूर्वी असे कोणी नव्हते. माझे लग्न नुकतेच झाले आहे. हा विकार आनुवंशिक आहे का आणि माझ्या मुलांना तो होण्याचा धोका किती? बहिणीला गरोदरपणात एकदा मोठा मानसिक धक्का बसला होता, त्याचा हा परिणाम असेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत निश्चित आहे. नाही. डाऊन सिंड्रोममध्ये पेशीत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात आणि ही तिसरी प्रत बहुतेक वेळा गर्भधारणेच्या आधीच, म्हणजे स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होत असतानाच, आलेली असते. गर्भ राहिल्यानंतर बसलेला धक्का, पाय घसरून पडणे, प्रवास, रडारड यांपैकी कशानेही पेशीत एक जादा गुणसूत्र शिरत नाही. बहिणीने इतकी वर्षे मनातल्या मनात स्वतःला बोल लावला असेल, तर एवढा भाग तिला अवश्य वाचून दाखवा.

आता हे घडते कसे ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक वडिलांकडचे. बीजपेशी तयार होताना या जोड्या सुटतात आणि प्रत्येक बीजपेशीत जोडीतले एकच गुणसूत्र जाते. क्वचित एखादी जोडी सुटतच नाही आणि दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजपेशीत जातात. अशा बीजापासून गर्भ तयार झाला, की त्यात त्या गुणसूत्राच्या तीन प्रती होतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या बाबतीत ही चूक सुमारे ९० टक्के वेळा स्त्रीबीज तयार होताना घडलेली आढळते. यात आईचा दोष शोधण्यात अर्थ नाही, कारण तिच्या शरीरातील वेळापत्रकच वेगळे असते. मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडकोशातील पेशी या विभाजनाला सुरुवात करतात आणि मध्येच थांबतात. पुढचे पाऊल एखाद्या बीजाच्या वाट्याला १५ वर्षांनी येते, तर एखाद्याच्या ४० वर्षांनी. एवढा काळ जोडीला एकत्र धरून ठेवणारे प्रथिनांचे बंध हळूहळू सैल पडत जातात. म्हणून आईच्या विशीत हे प्रमाण साधारण १५०० जन्मांमागे एक असते, ३५ व्या वर्षी सुमारे ३५० मागे एक आणि चाळिशीत १०० मागे एक होते.

याचा अर्थ असा, की डाऊन सिंड्रोम गुणसूत्रीय आहे, जन्मजात आहे, पण बहुतेक वेळा आनुवंशिक नाही. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातच आहे. सुमारे ९५ टक्के मुलांत वर सांगितल्याप्रमाणे सुटे तिसरे गुणसूत्र असते. एक-दोन टक्के मुलांत काही पेशी ४६ गुणसूत्रांच्या आणि काही ४७ च्या असे मिश्रण असते. उरलेल्या तीन-चार टक्क्यांत एकविसावे जादा गुणसूत्र सुटे नसून दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेले असते. यालाच स्थानांतरण म्हणतात. स्थानांतरण कधी त्या मुलातच नव्याने घडलेले असते, तर कधी आई किंवा वडिलांकडून आलेले असते. असे वाहक पालक पूर्णपणे निरोगी असतात. त्यांच्या पेशीत मोजून ४५ गुणसूत्रे भरतात, पण दोन एकमेकांना जोडलेली असल्यामुळे आनुवंशिक मजकूर पुरेपूर असतो. घोळ होतो तो पुढच्या पिढीत वाटणी होताना. चौदा-एकवीस असे स्थानांतरण आईकडे असेल, तर प्रत्येक गरोदरपणी डाऊन सिंड्रोमची शक्यता १० ते १५ टक्के असते. वडिलांकडे असेल तर एक-दोन टक्केच.

तेव्हा सर्वांत आधी जो कागद शोधायला हवा, तो भाच्याच्या गुणसूत्र तपासणीचा. त्यावर ४७,एक्सवाय,+२१ (म्हणजे एकूण ४७ गुणसूत्रे, मुलगा, जादा गुणसूत्र सुटे एकविसावे) असे लिहिलेले असेल, तर तुमचा धोका तुमच्या वयाच्या इतर कोणत्याही स्त्रीइतकाच आहे. (बहिणीच्या पुढच्या गरोदरपणी तो साधारण एक टक्का, किंवा तिच्या वयानुसार त्याहून जास्त येत असेल तर तेवढा, मानतात.) आकडा ४६ असून पुढे कंसात १४ आणि २१ असे दोन क्रमांक जोडीने आलेले असतील, तर आधी बहीण व तिच्या पतीची तपासणी व्हायला हवी आणि बहीण वाहक निघाली तर तुमची.

ही तपासणी कशी करतात, तेही सांगून ठेवतो, कारण अहवालाला पंधरा-वीस दिवस का लागतात असे लोक वैतागून विचारतात. रक्तातील पांढऱ्या पेशी पोषक द्रवात घालून सुमारे तीन दिवस उबेत वाढवाव्या लागतात, कारण गुणसूत्रे सुटी दिसतात ती फक्त पेशी विभागत असताना. मग एक औषध घालून विभाजन नेमक्या क्षणी थांबवायचे, सौम्य क्षारद्रवाने पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात त्या स्थिर करायच्या आणि त्या द्रवाचा एकेक थेंब काचपट्टीवर वरून सोडायचा, म्हणजे गुणसूत्रे पसरतात. रंग दिल्यावर प्रत्येकावर गडद-फिकट पट्टे उमटतात. आम्ही शिकत होतो तेव्हा छायाचित्रातली ४६ गुणसूत्रे कात्रीने कापून, पट्टे जुळवून, कागदावर जोडीजोडीने चिकटवावी लागत. पंखा चालू राहिला तर बाविसावे गुणसूत्र टेबलाखाली शोधावे लागे. आज जुळवाजुळव संगणक करतो. पेशी वाढायला लागणारे तीन दिवस मात्र तेवढेच आहेत, आणि वीसेक पेशी एकेक करून तपासायला माणूस अजूनही लागतोच.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. माणसात ४६ गुणसूत्रे, चिंपांझीत ४८ आणि कुत्र्यात ७८ असे वाचले. गुणसूत्रे जास्त असली की जीव जास्त प्रगत, असे नसते का?

उत्तर : नसते, हे तुमच्या कुत्र्याच्या आकड्यावरूनच दिसते. गुणसूत्रांची संख्या म्हणजे ग्रंथ किती खंडांत बांधला आहे याची संख्या. मजकूर किती आणि कसा आहे हे तिच्यावरून कळत नाही. चिंपांझी आणि आपल्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरे आहे : त्यांच्याकडे वेगवेगळी असलेली दोन गुणसूत्रे आपल्या पूर्वजांमध्ये कधीतरी टोकाला टोक लागून जोडली गेली आणि आपले दुसरे गुणसूत्र तयार झाले. त्या सांध्याच्या खुणा आजही त्या गुणसूत्रात सापडतात.

गंमत अशी, की माणसाचीही गुणसूत्रे ४८ च आहेत असे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर या संशोधकाने तशी मोजणी प्रसिद्ध केली होती. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ इतरांनीही सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि गर्दीत एकमेकांवर पडलेल्या गुणसूत्रांतून ४८ च मोजून काढले, कारण ४८ असतात हे त्यांना आधीच ठाऊक होते. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे जावामध्ये जन्मलेले जो हिन चिओ यांनी, आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत, पेशी फुगवून गुणसूत्रे नीट पसरवली आणि पुन्हा पुन्हा मोजून ४६ हा आकडा निश्चित केला. तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमधील झेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ तुर्पँ यांनी डाऊन सिंड्रोममधले सत्तेचाळिसावे गुणसूत्र दाखवून दिले. बरोबर संख्या ठाऊक झाल्याशिवाय जादा काय आहे हे कळणार तरी कसे?

आणखी एक चूक कायमचीच राहून गेली आहे. गुणसूत्रांना आकाराच्या उतरत्या क्रमाने १ ते २२ असे क्रमांक दिले आहेत, म्हणजे बाविसावे सर्वांत लहान असायला हवे. प्रत्यक्षात एकविसावे त्याहून लहान आहे. आता नावे बदलायची तर सगळे साहित्य बदलावे लागेल, म्हणून कोणी त्याच्या वाटेला गेले नाही. एकविसाव्यावर जनुकेही कमी आहेत, आणि त्याची जादा प्रत असलेली बाळे जगू शकतात त्याचे हेच मुख्य कारण मानतात. मोठ्या गुणसूत्राची जादा प्रत आली, तर बहुतेक गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच पडून जातात.

प्रश्न : मुलीला थॅलेसेमिया मेजर असल्याचे कळले तेव्हाच आम्हा दोघांना थॅलेसेमिया मायनर असल्याचे समजले. डॉक्टरांनी ‘चारात एक’ असे प्रमाण सांगितले. ते एक मूल आम्हाला झालेले आहे, तेव्हा पुढची मुले निरोगी होतील असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, आणि या एका गैरसमजाची किंमत फार मोठी असते म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

दोन वाट्या घ्या आणि प्रत्येकीत एक पांढरा व एक काळा मणी ठेवा. एक वाटी आईची, दुसरी वडिलांची. पांढरा मणी म्हणजे अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनचे, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका प्रथिनाचे, चांगले जनुक, काळा म्हणजे सदोष जनुक. आता डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक मणी काढा. दोन्ही पांढरे निघाले तर मूल पूर्ण निरोगी. एक पांढरा, एक काळा निघाला, आणि हे दोन प्रकारे घडू शकते, तर मूल तुमच्यासारखेच वाहक. दोन्ही काळे निघाले तर थॅलेसेमिया मेजर. चार शक्यतांपैकी एक, म्हणून चारात एक. महत्त्वाचे ते यापुढे आहे. पुढच्या गरोदरपणाच्या वेळी मणी पुन्हा आपापल्या वाटीत परत गेलेले असतात. मागच्या वेळी काय निघाले होते, हे वाट्यांना आठवत नाही. तेव्हा दुसऱ्या मुलाच्या वेळीही शक्यता चारात एकच, तिसऱ्याच्या वेळीही तेवढीच.

आकडेमोडच करायची तर अशी करा. आई-वडील दोघेही वाहक असलेली आणि प्रत्येकी चार मुले असलेली २५६ कुटुंबे घेतली, तर हिशेबाने ८१ कुटुंबांत एकाही मुलाला विकार नसेल, १०८ मध्ये बरोबर एकाला असेल आणि ६७ मध्ये दोन किंवा अधिक मुलांना असेल. ‘चारांतले एक होऊन गेले’ हे सूत्र निम्म्या कुटुंबांनाही लागू पडत नाही.

पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल, तर तुम्हा दोघांच्या जनुकांत नेमका कोणता बदल आहे हे आधीच तपासून घ्या. ते माहीत असले की गर्भाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन निदान करता येते. गर्भ राहिल्यानंतर धावपळ सुरू केली तर हातचे आठवडे याच कामात जातात. तुमच्या भावंडांनीही तपासणी करून घ्यायला हवी. मुलीला एखादे निरोगी भावंड असेल, तर ते वाहक असण्याची शक्यता निम्मी नव्हे, तिनात दोन आहे. कारण चार शक्यतांपैकी मेजरची शक्यता त्याच्या बाबतीत बाद झालेली असते.

‘मायनर’ हा शब्दही फसवा आहे. त्यातून एखादा लहान आजार पुढे वाढून ‘मेजर’ होईल असे वाटते. तसे कधीही होत नाही. वाहकाच्या तांबड्या पेशी जन्मभर लहान राहतात, हिमोग्लोबिन किंचित कमी असते, एवढेच. मात्र त्यालाच लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जाताना मी पाहिल्या आहेत. शरीरातील लोहाचा साठा मोजल्याशिवाय त्या घेऊ नयेत. याची उलट बाजूही आहे. लोहाची खरीच कमतरता असेल, तर वाहकाच्या रक्तात एरवी वाढलेले असणारे हिमोग्लोबिन ए-टू कमी दिसते आणि वाहक असूनही अहवाल ‘सामान्य’ येऊ शकतो.

प्रश्न : आमच्या नातवाला हिमोफिलिया आहे. आमच्या घराण्यात हा विकार कोणाला नाही आणि सुनेच्या माहेरीही नाही. मग तो मुलाकडून आला की सुनेकडून?

उत्तर : मुलग्याला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते, वडिलांकडून मिळते ते वाय. हिमोफिलियाची दोन्ही प्रमुख जनुके, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या आठव्या व नवव्या घटकाची, एक्स गुणसूत्रावर आहेत. तेव्हा आपल्या प्रश्नाचे शब्दशः उत्तर ‘सुनेकडून’ असे आहे. पण आपण एवढ्यावर पत्र मिटू नये, कारण या उत्तराचा जो अर्थ घरात लावला जाईल तो चुकीचा असेल.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आधी कोणालाच हिमोफिलिया नसतो. बदल नव्याने झालेला असतो. तो नातवाला मिळालेल्या स्त्रीबीजात झालेला असू शकतो, किंवा एक पिढी मागे, सुनेच्या वडिलांच्या शुक्राणूत झालेला असू शकतो. अशा वेळी वडील निरोगी, मुलगी वाहक पण वरवर निरोगी, आणि विकार उघड होतो तो नातवात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे उदाहरण याच जातीचे आहे. तिच्या वडिलांना हिमोफिलिया नव्हता आणि तिच्या आधीच्या पिढ्यांत तो आढळत नाही; पण तिचा मुलगा लिओपोल्ड याला तो होता आणि ॲलिस व बिॲट्रिस या दोन मुली वाहक होत्या, ज्यांच्यामार्फत तो रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला. रशियाचा युवराज अलेक्सी याच्या अस्थींच्या २००९ मधील तपासणीत तो नवव्या घटकाच्या जनुकातला दोष असल्याचे निश्चित झाले. आता यात व्हिक्टोरियाचा दोष कोणता?

व्यवहाराच्या गोष्टी अशा. सुनेची जनुकीय तपासणी करावी. ती वाहक निघाली तर तिच्या बहिणींचीही करावी. तिच्या रक्तातील घटकाचे प्रमाणही मोजून ठेवावे, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र काम करते आणि दुसरे निद्रिस्त असते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. कोणते निद्रिस्त व्हायचे हे पेशीपेशीत योगायोगाने ठरते. चांगले गुणसूत्र जास्त पेशींत निद्रिस्त झाले, तर वाहक स्त्रीलाही प्रसूतीत किंवा दात काढताना जास्त रक्तस्राव होऊ शकतो. तपासणीत ती वाहक निघाली नाही, तरी पुढच्या मुलाच्या वेळी थोडा धोका उरतो, कारण बदल केवळ तिच्या काही बीजपेशींत असू शकतो. नातू मोठा होऊन बाप होईल तेव्हा त्याच्या सर्व मुली वाहक असतील आणि मुलग्यांपैकी एकालाही त्याच्याकडून हा विकार मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही दोघे सख्खी आते-मामे भावंडे असून विवाहाचा विचार करीत आहोत. मुलांना हमखास व्यंग येते का?

उत्तर : हमखास येत नाही. सर्वसाधारण दांपत्याच्या मुलांत गंभीर जन्मजात दोषाचे प्रमाण दोन-तीन टक्के असते. अशा भावंडांच्या विवाहात ते साधारण दुप्पट होते, म्हणजे ९४ टक्क्यांहून अधिक मुले ठीक असतात. धोका वाढतो तो एकाच आजी-आजोबांकडून आलेले तेच दडलेले सदोष जनुक दोघांकडेही असू शकते म्हणून. घराण्यात आधीच एखादा अप्रभावी विकार (जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच दिसणारा) असेल, किंवा मागच्या पिढ्यांतही नात्यात विवाह झालेले असतील, तर मात्र हा सरासरी आकडा तुम्हाला लागू नाही. तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढून जनुकीय समुपदेशकाला दाखवा.

प्रश्न : वय ३१, तिसरा महिना संपत आला आहे. आईच्या रक्तावरून करतात ती एनआयपीटी तपासणी केली, तिच्यात ट्रायसोमी २१ चा, म्हणजे डाऊन सिंड्रोमचा, ‘जास्त धोका’ असा शेरा आला. तपासणी ९९ टक्के अचूक असल्याचे सांगितले होते. म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता ९९ टक्के का?

उत्तर : नाही. ‘९९ टक्के’ या आकड्याचा अर्थ असा, की ज्या गर्भांना डाऊन सिंड्रोम आहे त्यांपैकी ९९ टक्के या तपासणीत सापडतात. ‘जास्त धोका’ असा शेरा आलेल्यांपैकी किती जणींच्या गर्भाला तो खरोखर असतो, हा निराळाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वयावर अवलंबून आहे. समजा, निरोगी गर्भ असलेल्या हजारांतील एकीला चुकीचा शेरा मिळतो. ज्या वयात हजारात एका गर्भाला विकार असतो, अशा वयाच्या १०,००० स्त्रिया घेतल्या, तर दहा गर्भांना विकार असेल आणि ते जवळजवळ सगळे सापडतील. पण उरलेल्या ९,९९० पैकीही दहा जणींना चुकीचा शेरा मिळेल. म्हणजे वीस शेऱ्यांपैकी खरे दहा. हीच मोजणी चाळिशीतल्या स्त्रियांसाठी केली, तर शंभर खरे आणि दहा चुकीचे निघतील, म्हणजे शेरा बहुधा खराच. आपण या दोन टोकांच्या मध्ये आहात.

दुसरी गोष्ट, या तपासणीत आईच्या रक्तात फिरणारे जे डीएनएचे तुकडे मोजतात, ते मुख्यतः वारेतून आलेले असतात, गर्भाच्या शरीरातून नव्हे. कधी कधी वारेत तीन प्रतींच्या पेशी असतात आणि बाळ पूर्ण निरोगी असते. म्हणून ही चाचणी चाळणीची आहे, निदानाची नाही. निदान होते ते पंधराव्या आठवड्यानंतर करतात त्या गर्भजल तपासणीने. तोपर्यंत काहीही ठरवू नका.

प्रश्न : वडिलांना वयाच्या ५२ व्या वर्षी हंटिंग्टन आजाराचे निदान झाले. मी २६ वर्षांचा आहे, मला तपासणी करून घ्यायची आहे. धाकटा भाऊ ‘मला काही कळायला नको’ म्हणतो. कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही, आणि हे मी वाद मिटवण्यासाठी म्हणत नाही. हंटिंग्टन हा मेंदूच्या पेशींचा हळूहळू ऱ्हास करणारा, प्रभावी विकार आहे. सदोष जनुकाची एकच प्रत पुरते, त्यामुळे तुम्हा दोघांचा धोका प्रत्येकी ५० टक्के आहे आणि एकाचा निकाल दुसऱ्याविषयी काहीच सांगत नाही. चौथ्या गुणसूत्रावरील या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे पुन्हा पुन्हा आलेली असतात. २६ किंवा त्याहून कमी वेळा आली तर चिंता नाही; ४० किंवा त्याहून अधिक वेळा आली तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या माणसात आजार पुढे-मागे येतोच. ३६ ते ३९ मध्ये तो येईल किंवा येणारही नाही. वडिलांकडून येताना ही संख्या वाढण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे लक्षणे वडिलांपेक्षा लवकर दिसू शकतात.

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या, हा आजार असलेल्या मोठ्या कुटुंबांच्या रक्तनमुन्यांच्या आधारे १९८३ मध्ये जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि १९९३ मध्ये जनुक हाती आले. त्याआधी धोक्यातील बहुतेक माणसे ‘तपासणी निघाली तर करू’ असे म्हणत होती. प्रत्यक्ष निघाल्यावर थोड्यांनीच ती केली. मूळ आजार रोखणारा उपचार नसताना माहिती हवीच असे गृहीत धरता येत नाही. आपण तपासणी करणार असाल तर आधी समुपदेशनाच्या बैठका घ्या, निकाल एकटे ऐकायला जाऊ नका आणि तो भावाला न सांगण्याची सवय आधीपासूनच लावून घ्या, कारण जेवणाच्या टेबलावरचा आपला चेहराही त्याला बरेच सांगून जाईल. अल्पवयीन मुलांची ही तपासणी करीत नाहीत. मोठेपणी तो निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा असतो.

प्रश्न : आनुवंशिक म्हणजे असाध्य, असेच समजायचे का?

उत्तर : मुळीच नाही. १९३४ मध्ये नॉर्वेतील एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला येणाऱ्या विचित्र वासाचे कारण शोधत अस्बयॉर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. तिच्या चिकाटीमुळे फिनाइलकिटोन्युरिया हा विकार सापडला. त्यात फिनाइलॲलॅनिन हा प्रथिनांतील घटक पचवणारे विकर नसते. जनुक बदलता येत नव्हते, पण आहारातून तो घटक कमी करता येत होता. १९५० च्या दशकात ते करून पाहिले गेले आणि ६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून निदानाची सोय केली. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत निदान होऊन आहार सुरू झाला, तर ते मूल इतरांसारखेच वाढते.

आता जनुकालाच हात घालता येतो. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्तविकारांसाठी जनुक संपादनाच्या पहिल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. त्यात सदोष जनुक दुरुस्त करीत नाहीत. जन्मानंतर बंद पडणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. हा बदल केवळ रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत होतो, बीजपेशींत नाही, त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या मुलांना मूळ सदोष जनुक मिळतेच.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी केलेली गुणसूत्र तपासणी आणि जनुकीय तपासणी पुन्हा करावी लागते का?

उत्तर : गुणसूत्र तपासणी नाही, गुणसूत्रे वयानुसार बदलत नाहीत, तो अहवाल जपून ठेवा आणि त्याची प्रत भावंडांनाही द्या. जनुकीय अहवालात मात्र ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असे शब्द असतील, तर तो घेऊन पुन्हा जा. तुमच्या जनुकातले अक्षर तेच राहिलेले असले, तरी त्याच अक्षराची आणखी माणसे दरम्यान तपासली गेलेली असतात आणि तेव्हा अनिश्चित ठरलेले कित्येक बदल आज निरुपद्रवी म्हणून नोंदले गेले आहेत. नव्याने रक्त देण्याचीही बहुधा गरज पडत नाही. जुन्याच माहितीचे फेरवाचन करून मागा.